दादाच्या रात्रपाळीमुळे झालं का हे? शरीराच्या घड्याळाचे जीन्स आणि पोटाचा कॅन्सर

वसुधा_रामबाग (मंगळवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. मी इथे रोज वाचते, लिहिते क्वचित. आज मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझा थोरला भाऊ, वय ५८. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात २७ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत. या वर्षी पोटाचा कॅन्सर निघाला. आधी चार किमो झाल्या, मग ऑपरेशन झालं आणि पोटाचा बराच भाग काढला. आता नंतरच्या चार किमोंपैकी दोन झाल्या आहेत.

परवा भाच्याने मोबाइलवर कुठेतरी वाचलं, की शरीराच्या घड्याळाचे म्हणून काही जीन्स असतात आणि पोटाच्या गाठीत ते मंदावलेले असले तर पेशंट कमी जगतो. जेवता जेवता त्याने ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. पोरगं चांगलं आहे, बापासाठी रात्रंदिवस वाचत बसतं, पण तेव्हा त्याला भान राहिलं नाही. दादा काही बोलला नाही. रात्री मी गोळ्या द्यायला गेले तेव्हा म्हणाला, "वसू, म्हणजे हे मीच ओढवून घेतलं का गं? नाईट मी मागून घ्यायचो."

खरं आहे, मागूनच घ्यायचा. नाईटचा भत्ता जास्त होता. घराचे हप्ते त्यातूनच फिटले, माझं लग्नही त्यातूनच झालं. मला उत्तर देता आलं नाही.

तर एक, रात्रपाळीने पोटाचा कॅन्सर होतो का? दुसरं, घड्याळाच्या जीन्सवरून माणूस किती जगेल हे खरंच कळतं का? आणि किमो सकाळी दिली की संध्याकाळी, याने काही फरक पडतो का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. "धीर धरा" एवढंच लिहू नका, तो धरलेलाच आहे.

मल्हारगंजवाला (मंगळवार, रात्री १०.४१)

वसुधाताई, वाचून वाईट वाटलं. दादांना माझा नमस्कार सांगा. मला यातलं काही कळत नाही, पण उत्तरं वाचायला बसून राहिलोय.

अण्णा_सुदामानगर (मंगळवार, रात्री ११.०५)

आमची आजी सूर्य मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घालत नसे. शेजारचे जैन काका आजही चौविहार पाळतात, ८४ वर्षांचे आहेत आणि जिना चढून येतात. जुन्या लोकांना हे घड्याळ कळत होतं. आता आपलं अख्खं इंदूर शहरच रात्री बारा वाजता सराफ्यात जेवायला निघतं. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि मावाबाटी. मग पोट बिघडणार नाही तर काय?

सराफ्यातला_मुलगा (मंगळवार, रात्री ११.३०)

अण्णाकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एक सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या रात्रीच दुकान लावतात. आजोबा ८८ व्या वर्षी गेले. एका माणसावरून ठरवायचं असेल तर माझे आजोबाही धरा. आणि कुणाच्या घरात कॅन्सर आला असताना "तुम्ही रात्री खाल्लंत म्हणून झालं" असं म्हणू नये. दादांनी आधीच स्वतःला दोष दिलाय, त्यात आपली भर नको.

अण्णा_सुदामानगर (मंगळवार, रात्री ११.४४)

बरोबर बोललास बाळा. वसुधा, माझा तसा हेतू नव्हता गं. माफ कर.

पेशीवाचक (बुधवार, सकाळी ६.५०)

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पोटाचे तुकडे रोज मायक्रोस्कोपखाली बघते. जरा सविस्तर लिहिते.

आधी घड्याळ म्हणजे काय ते. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २०,००० पेशींचा एक छोटा पुंजका असतो. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर तो चालतो आणि सगळ्या शरीराला वेळ लावून देतो. पण घड्याळ तिथे एकच नसतं. जठराच्या, यकृताच्या, आतड्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत स्वतःचं घड्याळ असतं. त्यात क्लॉक आणि बीमॅल-वन नावाची दोन प्रथिनं जोडीने काम करतात आणि पर व क्राय हे जीन्स चालू करतात. पर आणि क्रायची प्रथिनं तयार होऊन पेशीत साठत जातात. पुरेशी साठली की पेशीच्या केंद्रकात शिरून त्या जोडीलाच थांबवतात. मग हळूहळू विरघळतात, आणि जोडी पुन्हा कामाला लागते. एका फेरीला साधारण २४ तास.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी आलं की टाकी भरते आणि बॉलकॉक वर येऊन नळ बंद करतो. पाणी वापरलं की बॉलकॉक खाली जातो. पर आणि क्राय म्हणजे तो बॉलकॉक.

पोटात हे घड्याळ बरंच काही चालवतं. माणसाच्या पोटात आम्ल सर्वांत जास्त सुटतं ते रात्री, साधारण दहा ते दोनच्या मध्ये. अस्तराची डागडुजी करणारं एक प्रथिनही रात्रीच वाढतं. संध्याकाळचं जेवण सकाळच्यापेक्षा सावकाश पुढे सरकतं. रात्री पोट रिकामं राहून दुरुस्ती करणार, अशी ही मुळातली व्यवस्था.

आता भाच्याने वाचलं त्याबद्दल. पोटाच्या गाठीत पर-वन आणि पर-टू ही पर घराण्यातली प्रथिनं आसपासच्या निरोगी अस्तरापेक्षा कमी दिसतात, आणि ज्यांच्यात ती कमी दिसली ते पेशंट सरासरीने कमी जगले, असं चीनमधल्या अभ्यासांत आढळलं आहे. पर आणि क्राय जीन्समधले काही जन्मजात बारीक फरकही पेशंट किती जगला याच्याशी जुळलेले दिसले. पर-टू हा पेशीची वाढ आवरणाऱ्यांपैकी आहे असं मानायला आधारही आहे. २००२ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. ज्यांचा पर-टू बिघडवला होता त्यांना किरणोत्सर्गानंतर जास्त गाठी झाल्या.

पण वसुधाताई, दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. गाठीत घड्याळ मंदावलेलं दिसलं म्हणून त्याच्यामुळे गाठ झाली असं ठरत नाही. गाठ वाढत जाते तसं ती पेशीतलं सगळंच अस्ताव्यस्त करते, त्यात घड्याळही मोडतं. आणि गाठीतला पर-टू म्हणजे दादांची झोप नव्हे. आयुष्यभर रात्री दहाला झोपलेल्या माणसाच्या गाठीतही तो कमी असू शकतो.

शिवाय ही सगळी शंभर-दोनशे किंवा हजार माणसांच्या गटांची सरासरी आहे. त्यावरून एका माणसाचं भविष्य कुणी सांगत नाही. मी इतकी वर्षं रिपोर्ट लिहितेय, एकाही सर्जनने किंवा ऑन्कॉलॉजिस्टने (कॅन्सरच्या डॉक्टरने) मला "पर-टू किती आहे" असं विचारलेलं नाही. ते विचारतात गाठ किती खोल गेली, किती नोड्समध्ये (लसीका ग्रंथींमध्ये) पोचली, कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, हर-टू आणि एमएमआर (औषध ठरवायला लागणाऱ्या गाठीच्या तपासण्या) काय आहे. दादांच्या ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये हेच बघा. निदान १६ नोड्स तपासले आहेत ना, तेही बघा.

निशाचर_आयटी (बुधवार, दुपारी १२.१५)

पेशीवाचकताई, बॉलकॉक कायमचा लक्षात राहील!

मी अमेरिकन क्लायंटसाठी सहा वर्षं रात्री काम करतोय. सकाळी सहाला घरी येतो, पोहे-जलेबी खातो, पडदे ओढून झोपतो. पोटात जळजळ कायम. रिकाम्या पोटी घ्यायची ती गॅसची गोळी दोन वर्षं चालू आहे, मेडिकलवाला न विचारताच देतो. वसुधाताईंचा धागा वाचून आज झोपच लागली नाही. रात्रपाळीला कॅन्सरच्या यादीत टाकलंय असं ऐकलं होतं, ते खरं का?

पीथमपूर_रिटायर्ड (बुधवार, दुपारी १.०२)

ताई, मीही तिथलाच, वेगळ्या कंपनीतला. ३१ वर्षं. तेव्हाचं सांगतो, म्हणजे दादांना कळेल की ते एकटे नव्हते.

नाईटची बस साडेनऊला गंगवाल बस स्टँडजवळ यायची. डबा रात्री एकला उघडायचा. बायकोने आठला बांधून दिलेली पोळी-भाजी तोवर गार, म्हणून वरून मूठभर शेव आणि जिरावन मसाला. मग चहा. तीनला पुन्हा चहा, कारण तीन ते चार हा तास सर्वांत वाईट. डोळे मिटले की बोट गेलंच. माझ्यासमोर एकाचं गेलंय. झोप येऊ नये म्हणून निम्मी लाईन तंबाखू खायची, मीही खायचो. सकाळी घरी आलो की पोरं शाळेला निघालेली असायची, आणि कॉलनीत दिवसभर भाजीवाल्याची हाक आणि प्रेशर कुकरच्या शिट्ट्या. चार तास झोप मिळाली तर दिवाळी. आठवड्याने पुन्हा पहिली पाळी, म्हणजे शरीराला काही कळायच्या आत सगळं उलटं.

हे कुणी हौसेने करत नाही. पोरं शिकली त्यावर.

शैला_सिस्टर (बुधवार, दुपारी ३.२०)

मी २२ वर्षं नर्स आहे, त्यातली नऊ वर्षं किमोच्या वॉर्डात. म्हणजे रात्रपाळी मलाही माहीत आहे आणि हा आजारही.

निशाचर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ मध्ये घड्याळ उलटंपालटं करणारी पाळी "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकली आणि २०१९ मध्ये रात्रपाळी म्हणून तीच गोष्ट पुन्हा तिथेच ठेवली. पण माणसांमधला पुरावा मर्यादित आहे आणि तो मुख्यतः स्तन, प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा आहे. त्यात पोटाचं नाव नाही. लाल मांसही याच गटात आहे. "बहुधा" याचा अर्थ धोका किती मोठा हे नव्हे, पुरावा किती पक्का हे.

पोटाच्या कॅन्सरचं मुख्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. तो १९९४ पासून पहिल्या गटात आहे, म्हणजे नक्की कारक. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो, बहुतेकांना लहानपणीच शिरलेला. शंभरातल्या एक ते तीन जणांनाच त्यातून कॅन्सर होतो, तोही कित्येक वर्षांनी. आधी सूज, मग अस्तर झिजतं, मग तिथे आतड्यासारखं अस्तर येतं, आणि पुढे कधीतरी गाठ. तंबाखू, दारू आणि फार खारवलेलं अन्न त्याला हातभार लावतात.

तेव्हा दादांना सांगा, हा जंतू दादा पाळण्यात असताना आला असेल. त्याला कुणी भत्त्यासाठी मागून घेत नाही.

आणि निशाचर, दोन वर्षं स्वतःच्या मनाने गोळी घेत राहणं बरं नव्हे. त्या गोळीने जळजळ थांबते आणि खालचं झाकलं जातं. वजन कमी झालंय का? थोडं खाल्लं तरी पोट भरतं का? शौचाला काळं होतं का? हिमोग्लोबिन कधी बघितलंत?

निशाचर_आयटी (बुधवार, दुपारी ३.४८)

वजन पाच किलो उतरलंय. मला वाटलं झोपेमुळे.

शैला_सिस्टर (बुधवार, दुपारी ३.५१)

दुर्बिणीची तपासणी करून घ्या. या आठवड्यातच. बहुतेक काही निघणार नाही, साधा अल्सर निघेल किंवा तो जंतू निघेल आणि १४ दिवसांच्या औषधाने जाईल. पण बघून घ्या.

ग्वाल्हेरची_माई (बुधवार, संध्याकाळी ५.३०)

शैला सिस्टरांचं ऐक रे बाबा. माझ्या जावेचं असंच झालं. आठ महिने एका दवाखान्यात "ॲसिडिटी आहे, मसालेदार खाऊ नका" एवढंच ऐकत राहिली. दर वेळी पुडी बदलून मिळायची. दुर्बीण घाला असं कुणीच म्हणालं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, कारण डॉक्टरांना कसं विचारायचं. सापडलं तेव्हा यकृतात गेलेलं. लग्नात घातलेली तिची जोडवी पायातून आपोआप निसटायला लागली होती, इतकी वाळली होती, आणि आम्ही त्याला उपास समजत होतो. आज चार वर्षं झाली.

बडोदेकर_विनायक (बुधवार, संध्याकाळी ७.१०)

माई, फार वाईट झालं.

विषय थोडा बाजूला नेतो, वसुधाताई परवानगी देतील तर. हे घड्याळ माणसाला कळलं कसं, याची गोष्ट मला फार आवडते. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधाऱ्या कपाटात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. म्हणजे घड्याळ रोपाच्या आत होतं. मग १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांनी फळमाश्यांमध्ये तीन बिघाड शोधले. एका माशीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८ तासांचा आणि एकीला दिवसच नाही. तिन्ही बिघाड एकाच जीनमध्ये. त्याचं नाव पिरियड ठेवलं, पेशीवाचकताईंचा पर तोच. तो जीन १९८४ मध्ये वेगळा काढून दाखवणारे हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पिकलेल्या केळ्यावर बसणारी ती बारकी माशी!

आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात लाजाळू होतं. आम्ही भावंडं दिवसभर त्याला बोट लावत बसायचो, ते मात्र संध्याकाळी आपणहून मिटायचं.

सराफ्यातला_मुलगा (बुधवार, रात्री ११.५५)

१९ तासांचा दिवस असणारी माशी आमच्याकडे कामाला लागली असती.

मल्हारगंजवाला (गुरुवार, रात्री १.४०)

भिया, आणि २८ तासांची असती तर रात्रीची दुकानं आवरून सकाळच्या पोह्यांनाही तीच.

शैला_सिस्टर (गुरुवार, सकाळी ७.०५)

तुम्ही दोघं आधी झोपा बरं.

घरगुती_उपाय (गुरुवार, सकाळी ९.३०)

किमोने शरीर पोखरतं. घड्याळ सुधारायचं असेल तर किमो थांबवा, सूर्योदयाला कोमट पाण्यात गोमूत्र अर्क आणि हळद, सूर्यास्तानंतर कडक उपास. ४० दिवसांत गाठ विरघळते. माझ्याकडे पत्ता आहे, मेसेज करा.

पेशीवाचक (गुरुवार, सकाळी ९.५२)

वसुधाताई, कृपया याकडे जाऊ नका. पोट काढलेल्या माणसाला कडक उपास म्हणजे त्याचं उरलंसुरलं वजन घालवणं. त्यांनी दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं खायचं असतं. ऑपरेशनच्या आधी चार आणि नंतर चार, असं जे तुम्ही लिहिलंय ती चार औषधांची फ्लॉट पद्धत असावी. २०१९ मध्ये तिचे निकाल छापून आले. जुन्या किमोवर निम्मे पेशंट ३५ महिन्यांच्या पुढे जगले, फ्लॉटवर ५०. ही किमो दादांच्या हातात आलेली खरी गोष्ट आहे. उरलेल्या दोन पूर्ण करा.

उपासाचा पत्ता देणाऱ्यांनी माझ्याकडे येऊन ४० दिवसांनंतरच्या बायॉप्स्या बघाव्यात. मी त्या बघितल्या आहेत.

अण्णा_सुदामानगर (गुरुवार, सकाळी १०.२०)

मी सूर्यास्ताचं लिहिलं होतं, पण याला माझा अजिबात पाठिंबा नाही. निरोगी माणसाने लवकर जेवणं वेगळं आणि आजाऱ्याला उपाशी ठेवणं वेगळं. संपादकांना सांगून तो प्रतिसाद काढा.

वसुधा_रामबाग (गुरुवार, दुपारी २.१५)

सगळ्यांचे आभार. गोमूत्रवाल्यांचा मेसेज आला होता, उत्तर दिलं नाही.

पीथमपूर_रिटायर्ड, तुमचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला. तीन ते चारच्या तासाचं आलं तेव्हा तो हसला, कितीतरी दिवसांनी. म्हणाला, "शिफ्टमधल्याशिवाय हे कुणाला नाही कळणार." मग स्वतःहून सांगत बसला, मशीनच्या आवाजात गाणी कशी म्हणायचे ते. शैला सिस्टरांचं पाळण्यातलं वाक्यही वाचलं. त्यावर काही बोलला नाही, पण मी वाचून थांबले तर म्हणाला, "परत वाच."

किमोच्या वेळेचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही. विचारायचं कारण सांगते. किमो झाली की तीन रात्री तो टक्क जागा असतो. पंखा बघत पडून राहतो. गार पाण्याचा ग्लासही हातात धरवत नाही, बोटांना मुंग्या येतात, पण ते निदान चार-पाच दिवसांत कमी होतं. झोपेचं मात्र होत नाही. भाचा म्हणतो, किमो सकाळी घ्यायला लावू या, मग घड्याळ जुळेल.

शैला_सिस्टर (गुरुवार, रात्री ८.४०)

ड्यूटी संपवून आले, आता नीट लिहिते.

वेळ बघून किमो देण्याचा विचार जुना आहे. फ्रान्समध्ये फ्रान्सिस लेव्ही यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर तो सर्वांत जास्त तपासला. १९९७ मध्ये त्यांनी छापलं की औषधाचा पंप शरीराच्या घड्याळाप्रमाणे कमी-जास्त चालवला तर तोंड सोलवटण्याचा तीव्र त्रास शंभरात ७६ ऐवजी १४ जणांना होतो आणि गाठीही जास्त आकसतात. सगळ्यांना फार आशा वाटली. मग २००६ मध्ये मोठ्या तुलनेत एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. पुरुषांना थोडा फायदा आणि बायकांना उलट तोटा, असं निघालं. म्हणजे घड्याळ आहे हे खरं, पण बाईचं आणि पुरुषाचंही सारखं नाही. २०२१ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये, इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्तीला गाठीशी लढायला लावणाऱ्या औषधाचे) डोस संध्याकाळी साडेचारनंतर जास्त पडले ते पेशंट कमी जगले, असं जुन्या नोंदींवरून दिसलं. त्यावर काम चालू आहे. पण ते औषध वेगळं, आजार वेगळा.

आता दादांचं. फ्लॉटमधलं फ्ल्यूरोयुरासिल २४ तास संथ चालतं. ज्या औषधाला पूर्ण दिवस आणि पूर्ण रात्र लागते, ते सकाळी सुरू केलं काय आणि दुपारी काय? त्यासाठी डॉक्टरांशी भांडू नका, आणि बेड मिळत असताना वेळेसाठी तारीख तर मुळीच पुढे ढकलू नका.

पण झोपेचं मला दुसरंच वाटतं. किमोच्या आसपास उलटी होऊ नये म्हणून छोटी पांढरी गोळी असते, डेक्सामेथासोन. कागदावर "दिवसातून दोनदा" लिहिलेलं असतं आणि घरचे ती सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी देतात. तुम्ही कशी देता?

वसुधा_रामबाग (गुरुवार, रात्री ८.५५)

रात्री नऊला. आत्ताच पट्टी हातात घेऊन बघितली. तेच नाव.

शैला_सिस्टर (गुरुवार, रात्री ९.०४)

हे स्टेरॉइड आहे. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसोल, पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. रात्री नऊला ही गोळी घेतली की शरीराला वाटतं सकाळ झाली. दादांचा पंखा बघत पडण्याचा उगम बहुधा तिथेच आहे. स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि बदलूही नका. उद्या ऑन्कॉलॉजिस्टना फोन करून एवढंच विचारा, दुसरा डोस रात्रीऐवजी दुपारच्या जेवणानंतर दिला तर चालेल का?

आणि दिवसा त्यांना खोलीत अंधार करून पडू देऊ नका. सकाळी अर्धा तास गॅलरीत उन्हात बसवा. २७ वर्षांची दिवसा झोपायची सवय आहे, शरीर त्या बाजूला ओढणारच. बी-१२ चं इंजेक्शन चालू आहे ना? पोट गेलं की ते अन्नातून नीट शोषलं जात नाही.

पेशीवाचक (गुरुवार, रात्री ९.३०)

सिस्टर, मी या बाजूने विचारच केला नव्हता. मी काचेवरची गाठ बघते, पंखा बघत पडलेला माणूस माझ्यापर्यंत पोचत नाही.

पीथमपूर_रिटायर्ड (शुक्रवार, सकाळी ८.१५)

रिटायर झाल्यावर मला रात्रीची झोप यायला दीड वर्ष लागलं. पहाटे तीनला डोळा उघडायचा तो उघडायचाच. सकाळच्या उन्हाने फरक पडला, अनुभवाने सांगतो. दादांना म्हणावं, रामबागेत येतो एक दिवस, दोघं बसू.

वसुधा_रामबाग (पुढच्या गुरुवारी, सकाळी ११.१०)

तिसरी किमो सोमवारी झाली. डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी कागद बघितला, रात्रीचा डोस खोडून दुपारी दोन लिहिलं आणि म्हणाले, "हे आधीच सांगायला हवं होतं तुम्हाला." काल रात्री दादा अकरा ते पाच झोपला. मध्ये एकदा उठला, पाणी प्यायला आणि परत झोपला. वहिनी दोनदा श्वास बघून आली, इतकी सवय नव्हती राहिली.

रिपोर्टही काढून बघितला. १९ नोड्स तपासलेत, दोनमध्ये होतं, कडा मोकळ्या. बी-१२ चालू आहे. पर-टू कुठेच लिहिलेलं नाही. भाच्याला हा सगळा धागा वाचायला दिला. आता तो सकाळी बापाबरोबर गॅलरीत बसतो, मोबाइल आत ठेवून.

आज दादाने नाश्त्याला अर्धी वाटी पोहे खाल्ले. जिरावन मागत होता. द्यावं का, सिस्टर?

शैला_सिस्टर (गुरुवार, दुपारी १.३०)

तोंड आलेलं नसेल तर चिमूटभर द्या. सावकाश चावून खाऊ दे, आणि खाताना वरून पाणी नको, अर्ध्या तासाने.

निशाचर_आयटी (गुरुवार, दुपारी ४.०५)

सिस्टर, दुर्बिणीची तारीख मिळाली. उद्या सकाळी साडेनऊ. आज रात्री सुट्टी टाकली आहे. काय पाळायचं?

शैला_सिस्टर (गुरुवार, दुपारी ४.२०)

रात्री नऊपर्यंत हलकं जेवून घ्या, मग सकाळपर्यंत काही नाही, चहासुद्धा नाही. सकाळी पाणीही नको. गॅसची गोळी किती दिवस घेताय ते आधी सांगा, त्या गोळीमुळे जंतूची तपासणी चुकू शकते. झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर गाडी चालवू नका, कुणाला तरी बरोबर न्या.

सराफ्यातला_मुलगा (गुरुवार, दुपारी ४.३१)

मी येतो. दुकान रात्रीचं आहे, सकाळी मी मोकळाच असतो. पत्ता मेसेज करा.